हशा कुणावर आला, ते आधी ऐका

मी न्यू जर्सीत आठवड्यातून दोनदा ओपन माइकला जातो, म्हणजे कुणीही नाव देऊन स्टेजवर विनोद सांगावेत असा कार्यक्रम. पाच मिनिटांचा सेट, म्हणजे आपली पाळी; वेळ संपत आली म्हणून चौथ्या मिनिटाला मागून दिवा दाखवतात. वंशावरचा, रंगावरचा विनोद तिथे न्यायचा असेल तर माझी पद्धत अशी.

आधी वहीत लिहा, यात येडा कोण ठरतो? 'काळे' किंवा 'देशी' असं उत्तर आलं तर विनोद अजून कच्चा आहे. डेव्ह शपेल या काळ्या अमेरिकन विनोदवीराच्या टीव्ही कार्यक्रमाच्या पहिल्याच भागात, २००३ मध्ये, क्लेटन बिग्जबी नावाचं पात्र होतं. जन्मांध, काळा, पण स्वतःला गोरा समजून काळ्यांविरुद्ध पुस्तकं लिहिणारा! खरं कळल्यावर तो बायकोला सोडतो, कारण काय, तर तिनं काळ्या माणसाशी संसार केला. येडा ठरतो तो त्याचा द्वेष.

मग सेट मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि घरी फक्त हशा ऐका. कुठल्या शब्दाला आला? माझा आईवरचा तुकडा तीन महिने जोरात चालला. दुकानातला गोरा पोरगा तिच्याशी मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलतो. ती तितक्याच सावकाश विचारते, "बाळा, कानाच्या डॉक्टरला दाखवलंस का?" रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं, लोक तिच्या उच्चारालाच हसून मोकळे होत होते, पंच, म्हणजे शेवटचा टोला, कुणी ऐकतच नव्हतं. उच्चाराची नक्कल काढली. हशा निम्म्यावर आला, पण आता तो त्या पोरावर येतो.

शपेललाही हेच खटकलं. तिसऱ्या सीझनसाठी, काळ्यांची टिंगल करायला पूर्वी नट रंगवायचे तसा चेहरा काळा रंगवून एक छोटं प्रहसन करताना, चित्रीकरणाच्या जागी असलेला एक गोरा माणूस भलताच खदखदून हसला. करार ५ कोटी डॉलरचा असल्याच्या बातम्या होत्या. तरी २००५ मध्ये तो सगळं टाकून दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. लोक म्हणाले, डोकं फिरलं. त्या हसण्याबद्दल तो २००६ मध्ये टीव्हीवर मुलाखतकार ऑप्रा विन्फ्रीशी बोलला. वाहिनीनं मात्र उरलेलं चित्रीकरण त्याच्याशिवाय दाखवलंच.

शेवटी खोली बदला. गणपतीतल्या कार्यक्रमातला हशा धरूच नका, तिथे सगळे आपलेच. आणि काळ्यांवरच्या विनोदांना तिथे जे हसू येतं, त्याची मला लाजच वाटते. तोच तुकडा तुम्ही एकटेच देशी असाल अशा खोलीत म्हणून बघा. घसा कोरडा पडला तर पान फाडा. माझी चार फाडून झालीत.