मृत्यूची कथा लिहिताना

मरणावर कथा लिहायला बसलेला लेखक बहुधा सर्वांत आधी मरणाचाच प्रसंग लिहून काढतो, आणि कथा तिथेच अडते. खाटेभोवती जमलेली माणसे, दाबून धरलेले हुंदके, अखेरचे दोन शब्द आणि मग शांतता, हे वाचकाने इतक्या वेळा वाचलेले असते की त्याचे डोळे पाणावलेच तर ते त्या पात्रासाठी नव्हे, स्वतःच्या आठवणीतल्या कोणासाठी तरी पाणावतात. म्हणून तो प्रसंग तूर्त बाजूला ठेवावा. कथेला मृत्यू हवा असतो तो घटना म्हणून नव्हे, तर मुदत म्हणून. वेळ संपणार आहे हे कळल्यावर माणूस उरलेला वेळ कशावर खर्च करतो, हे दाखवता आले की आयुष्याच्या मोलाबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही.

ही मुदत कोणाला ठाऊक आहे, हे लिहिण्याआधी ठरवावे. कथेची पुष्कळशी रचना त्यावरून आपोआप ठरत जाते. महाभारताच्या वनपर्वातील सावित्रीच्या आख्यानात सत्यवानाचे आयुष्य एकच वर्ष उरले आहे हे नारद लग्नाआधीच सांगतात. सावित्री ते ऐकूनही त्यालाच वरते, आणि सासरी आल्यावर ते गुपित मनात ठेवून दिवस मोजत राहते. ज्याचे मरण ठरले आहे त्याला काही माहीत नाही, आणि जिला माहीत आहे ती बोलत नाही. या एका मांडणीमुळे त्या वर्षातला साधा दिवससुद्धा जड होतो, आणि ठरल्या दिवशी सत्यवान कुऱ्हाड घेऊन लाकडे आणायला निघतो तेव्हा ‘मीही येते’ हे तिचे साधे वाक्य वाचकाला वेगळेच ऐकू येते. याच्या उलट मांडणी रशियन लेखक तोल्स्तोय यांनी 1886 साली प्रसिद्ध झालेल्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ या दीर्घकथेत केली आहे. तिथे मृत्यूची बातमी आरंभीच येते, आणि ती वाचताच सहकाऱ्यांच्या मनात पहिला विचार येतो तो रिकाम्या झालेल्या जागेवर कोणाची वर्णी लागेल याचा. शेवट आधीच सांगून टाकल्यामुळे ‘तो वाचेल का’ हा प्रश्न उरत नाही आणि ‘तो जगला कसा’ हाच प्रश्न शिल्लक राहतो. नवोदितांनी हा दुसरा मार्ग एकदा तरी वापरून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्यात रहस्याची कुबडी मिळत नाही.

मुदत ठरली की पात्राच्या अपुऱ्या कामांची यादी करावी. ही यादी कथेसाठी नसते, स्वतःसाठी असते, आणि ती शक्य तितकी क्षुल्लक असावी. दुरावलेल्या भावाशी समेट, जुन्या प्रेमाची कबुली, जगप्रवास अशा मोठ्या गोष्टी कोणालाही सुचतात. त्याऐवजी असे पाहावे की या माणसाच्या घरातले कोणते कुलूप फक्त त्यालाच उघडता येते, कोणाचे पुस्तक परत करायचे राहिले आहे, अर्धे विणलेले काय पडून आहे. या यादीतली एकच गोष्ट निवडावी आणि तिच्यावर कथेचा भार टाकावा.

उदाहरणादाखल एक कथाबीज घेऊ. एका वृद्ध बाईंना आपला आजार बरा होणारा नाही हे कळले आहे. त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला आहे आणि नवा चष्मा करावा का, हा प्रश्न आहे. पहिल्या खर्ड्यात लेखक लिहितो, ‘आयुष्य किती अनमोल आहे हे त्यांना त्या दिवशी प्रथमच जाणवले.’ हे वाक्य खोडावे. त्याऐवजी बाई दुकानात जातात, विक्रेता भक्कम फ्रेम पुढे करून ‘ही दहा वर्षे टिकेल’ म्हणतो, बाई ती हातात घेऊन थोडा वेळ पाहतात आणि शेवटी तीच घेतात, एवढेच लिहावे. ही फ्रेम त्यांनी का घेतली याचे कारण कथेत देऊ नये. तो हट्ट असेल, विक्रेत्याशी वाद नको म्हणून असेल किंवा कोणालाच न सांगितलेली आशा असेल. वाचक ती निवड स्वतः करतो आणि म्हणूनच ती त्याच्या लक्षात राहते.

आशेचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि माझ्या वाचनात तरी बऱ्याच कथा इथेच घसरतात. आशा म्हणजे चांगल्या शेवटाचे आश्वासन, असा समज त्यामागे असतो. हेसिओड या प्राचीन ग्रीक कवीने सांगितलेल्या पँडोराच्या गोष्टीत रांजणाचे झाकण उघडताच सगळी दुःखे जगभर पसरतात आणि आशा तेवढी रांजणाच्या तोंडाशी आत अडकून राहते. ती माणसासाठी राखून ठेवली आहे, की माणसापासून अडवून धरली आहे, आणि दुःखांच्याच रांजणात ती मुळात काय करत होती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. आपल्या भाषेनेही आशेला कधी सरळ शब्द ठेवलेला नाही. ती ‘वेडी’ असते, तिला माणूस ‘लावून बसतो’. लेखकाने हा दुटप्पीपणा पुसून टाकू नये. अपेक्षा आणि आशा यांत मात्र फरक करावा. अपेक्षेची नजर निकालावर असते, तर आशा कथेत दिसते ती कृतीत, आणि त्या कृतीची किंमत पात्राला मोजावी लागते. वेळ, पैसा, मानपान, झोप, यांपैकी पात्राकडे जे सर्वांत कमी आहे तेच त्याला आशेपायी खर्च करायला लावावे. ‘सर्व ठीक होईल’ असे पात्र म्हणत असेल आणि त्यासाठी हातपाय हलवत नसेल, तर ते वाक्य लेखकाचे आहे असे समजावे.

किसा गोतमीची बौद्ध परंपरेतील कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. मूल गेलेली ही आई त्याच्यासाठी औषध मागत बुद्धाकडे येते, तेव्हा तो तिला मोहरी आणायला सांगतो, पण ज्या घरी कोणाचाही मृत्यू झालेला नाही अशा घरातली. मोहरी कोणत्याही घरी मिळते आणि तसे घर कुठेच मिळत नाही. या कथेची खरी ताकद उपदेशात नाही, दारोदार हिंडण्यात आहे: ती ज्या पावलांनी आशेपायी चालत असते, त्याच पावलांनी सत्यापाशी पोहोचते, आणि वाटेत प्रत्येक दारी दुसऱ्या कोणाचे तरी दुःख तिला ऐकावे लागते. बुद्धाने तिला बसवून तेच समजावून सांगितले असते तर गोष्ट चार ओळींत संपली असती आणि कोणाच्या लक्षातही राहिली नसती.

तपशील अचूक हवेत. अखेरच्या दिवसांत बहुतेक माणसांची भूक मंदावते, झोप वाढते, बोलणे तुटक होते, श्वासाची लय बदलते. सलग, अर्थपूर्ण निरोपाचे भाषण क्वचितच घडते, म्हणून जे सांगायचे ते पात्राने आधीच, भलत्याच विषयाच्या ओघात सांगून टाकलेले बरे. भोवतालची माणसेही मरणाविषयी फारसे बोलत नाहीत. रात्री कोण थांबणार, गोळी दिली का, खिडकी लावू का, असेच बोलतात, आणि त्या बोलण्यात कधी कधी विनोदही असतो. तो काढून टाकू नये.

शोकाच्या पाच अवस्थांचा आधार घेणाऱ्यांना एक इशारा द्यावासा वाटतो. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी 1969 च्या पुस्तकात मांडलेल्या नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार या अवस्था मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून सुचलेल्या होत्या; मागे राहिलेल्यांच्या दुःखाला त्या पुढे लावल्या गेल्या. त्या जिन्याच्या पायऱ्या समजून पात्राला एकेक चढवत नेले की कथा तक्त्यासारखी दिसू लागते. खरा शोक मागे-पुढे होतो, महिनाभर गप्प राहतो आणि कोणाचा तरी जुना छत्रीचा दांडा हाती लागला की उसळून येतो.

कथेत आत्महत्या येत असेल तर तिची पद्धत आणि साधने यांचे वर्णन करू नये, आणि तिला सुटकेचा मार्ग म्हणून रंगवू नये. इथे कलेचे स्वातंत्र्य पुढे करून भागत नाही, कारण समोरचा वाचक कोणत्या अवस्थेत आहे हे लेखकाला ठाऊक नसते.

राहिला शेवट. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या 1952 च्या ‘इकिरू’ या चित्रपटात पोटाचा कर्करोग झालेला पालिकेतला एक अधिकारी मुलांसाठी उद्यान उभारण्याच्या मागे लागतो, आणि चित्रपट बराच उरलेला असतानाच तो मरून जातो. पुढचा भाग त्याच्या शोकसभेतला आहे. सहकारी उद्यानाच्या श्रेयावरून वाद घालतात, दारूच्या भरात त्याच्यासारखे काम करण्याच्या शपथा घेतात, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत सारे पूर्वीसारखेच सुरू होते. माणूस गेल्यानंतरही कथा थोडी पुढे नेली की आयुष्याच्या मोलाची अशी दोन्ही बाजूंनी परीक्षा होते: काय टिकले हे दिसते आणि काय लगेच विसरले गेले हेही.

खर्डा पूर्ण झाल्यावर तो काही दिवस बाजूला ठेवावा आणि मग शेवटचा परिच्छेद झाकून वाचावा. बहुतेक वेळा कथा त्याच्या आधीच संपलेली असते, आणि झाकलेल्या भागात लेखकाने घाबरून अर्थ सांगितलेला असतो. प्राचीन मेसोपोटेमियात मातीच्या पाट्यांवर लिहिलेल्या, गिल्गमेश राजाच्या आख्यानाची अकरावी पाटी या बाबतीत आजही धडा घालून देते. मित्राच्या मरणाने हादरलेला राजा अमरत्व शोधत जगाच्या टोकापर्यंत जातो, समुद्रतळातून पुन्हा तारुण्य देणारी वनस्पती मिळवतो आणि ती वाटेत सापाने पळवल्यावर बसून रडतो. तो रिकाम्या हाताने घरी पोहोचतो तेव्हा त्याला काय उमगले याबद्दल कवी एक अक्षरही लिहीत नाही. राजा सोबतच्या नावाड्याला आपल्या उरुक नगराच्या तटावर चढायला, पाया तपासायला आणि विटा पारखायला सांगतो, आणि नगर किती, बागा किती, मातीच्या खाणी किती, याचे माप देतो.