स्पीकर आईच्या आवाजालाही माझाच समजत होता: माझा अनुभव
बेळगावातील शहापूरच्या आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या स्मार्ट स्पीकरला आईने दिवसाची कामे विचारली, की तो माझ्या ऑफिसच्या बैठका वाचून दाखवत असे. स्पीकर रीसेट केला, आईचा आवाज माझ्या फोनवरून दोनदा पुन्हा नोंदवला. तीन रविवार यातच गेल्याने मी पुरता वैतागलो. तिच्या बोलण्यातला कानडी हेल आड येत असावा, हा माझा तर्कही साफ चुकला.

आवाजाचा नमुना ज्या खात्यातून नोंदवावा त्याच खात्याशी जोडला जातो, हे खरे कारण होते. म्हणून आधी माझ्या खात्यातले सगळे नमुने पुसले. मग स्पीकरच्या ॲपमधून आईच्या स्वतःच्या खात्याला घरातील सदस्य म्हणून आमंत्रण पाठवले आणि तिने ते स्वीकारल्यावर, तिचा फोन व स्पीकर एकाच वायफायवर असल्याची खात्री करून, कुकर-मिक्सर बंद असताना तिच्याच फोनवरून नमुना घेतला. त्यानंतर माझा नमुना नव्याने दिला. वैयक्तिक उत्तरांची, म्हणजे तिची स्वतःची कामे वाचून दाखवण्याची, परवानगी तिच्या खात्यात वेगळी चालू करावी लागते, हे मात्र दुसऱ्या दिवशी ध्यानात आले.

मिळताजुळता आवाज स्पीकरला फसवू शकतो, म्हणून आवाजावरून खरेदीची सोय मी बंदच ठेवली आहे.