मुआंग बोरानला जाण्याआधीची तयारी

बँकॉकच्या सहलीत एक अख्खा दिवस मोकळा निघत असेल तरच शेजारच्या समुत प्राकान प्रांतातल्या मुआंग बोरानचा बेत करा. जेवणानंतर जाऊन उरकून यावं अशी ही जागा नाही. लेक विरियाफान या धनिक माणसाने उभारलेलं आणि १९७२ मध्ये खुलं झालेलं हे उघड्यावरचं संग्रहालय थायलंडच्या नकाशाच्या आकारात आखलंय. ज्या प्रांताची वास्तू, ती नकाशात जिथे यावी साधारण तिथेच. शंभराच्या वर वास्तू आहेत. काही पूर्ण आकाराच्या, काही लहान केलेल्या, तर काही जुन्या इमारती मूळ गावाहून आणून पुन्हा उभारलेल्या. सगळं बघायचा हट्ट धरलात तर एकही धड बघून होणार नाही. म्हणून काय गाळायचं, ते घरीच ठरवा.

माझं विचाराल तर दोन ठिकाणी भरपूर वेळ द्या. पहिलं सान्फेत प्रासात, म्हणजे थायलंडची जुनी राजधानी अयुथया, तिथल्या राजांचा दरबार. मूळ वास्तू १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथया जाळली त्यात गेली. आज तिथे फक्त जोती दिसतात. त्यामुळे अयुथया आधी पाहून झालं असेल तर इथे दुप्पट मजा येते, आणि जमलं तर सहलीचा क्रम तसाच लावा. दुसरं प्रासात फ्रा विहान. मूळ देऊळ शिवाचं. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते कंबोडियाचं ठरवलं, तरी या नकाशात त्याची प्रतिकृती आहेच! मुद्दाम रचलेल्या टेकडीवर पायऱ्या चढून जावं लागतं आणि वरून सगळा परिसर नजरेत येतो. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच बघा.

जाण्याआधी रामकियन, म्हणजे थाई रामायण, थोडं वाचून घ्या. शिल्पं ओळखू येतात. मुलं बरोबर असतील तर एक सूचना: तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला रसिक आहे. प्रश्न येणार, उत्तरं तयार ठेवा.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे, सुती. देवळांत आणि दरबारांत चपला काढाव्या लागतात, तेव्हा नाडीचे बूट नकोत. मोजे मात्र खिशात असू द्या, दुपारची फरशी तळपाय भाजते. टोपी, पाण्याची बाटली, डासांचं मलम (आत तळी-कालवे भरपूर आहेत) आणि पावसाळ्यात रेनकोट. सायकलवर छत्री सांभाळत बसू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, एप्रिल टाळाच.

आत फिरायला भाड्याची सायकल सगळ्यात बरी. निघण्याआधी ब्रेक दाबून बघा, सीट उंचीला लावून घ्या. आजी-आजोबा बरोबर असतील तर गोल्फ कार्ट घ्या. पण ती तासावर असते, त्यामुळे फोटोंचा मोह आवरा.

शाकाहारी मंडळींनी डब्यात दशम्या किंवा ठेपले न्यावेत हे उत्तम. आतल्या तरंगत्या बाजारात खायला मिळतं, पण माशाचा सॉस, ‘नाम प्ला’, थाई स्वयंपाकात आपल्या मिठासारखा पडतो. कच्च्या पपईची कोशिंबीर बघून ‘हे तरी चालेल’ म्हणाल, तर त्यातही सुकट असते. ‘किन जे’ (म्हणजे मी शुद्ध शाकाहारी खातो) एवढं म्हणता आलं तरी पुष्कळ काम होतं. जवळ सुटे बाट ठेवा.

बीटीएस या बँकॉकच्या उन्नत रेल्वेच्या सुखुमवित मार्गाने खेहा स्थानकापर्यंत जा, पुढे टॅक्सी किंवा सोंगथिऊ (मागे दोन बाकं असलेली वडापसारखी गाडी). चालकाला दाखवायला थाई लिपीतलं नाव फोनमध्ये साठवून ठेवा. त्याच मार्गावर तीन तोंडांच्या ऐरावताचं एरावान संग्रहालयही लागतं, तेही लेक यांचंच. ‘वाटेवरच आहे, होऊन जाईल’ असं कुणी तरी म्हणेलच. ऐकू नका, ते दुसऱ्या दिवशी करा. दार उघडायच्या वेळेला पोहोचा, उन्हं चढण्याआधी लांबचा उत्तरेकडचा भाग उरका आणि दुपारी दरबारांच्या सावलीत शिरा. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावर सुखुमवित रस्ता तुंबतो. म्हणून खेहापर्यंतच्या परतीला हातात वेळ ठेवा, आणि त्या रात्रीचं विमान तर मुळीच धरू नका.