जुन्या छपाईच्या नव्या कापडांतून क्विल्ट कशी शिवावी

जवळपास शंभर ते दोनशे वर्षांपूर्वीच्या सुती छपाया जुन्या नमुन्यांवरून आज पुन्हा छापल्या जातात. त्यांना रिप्रॉडक्शन कापडं म्हणतात. ‘जुनं दिसतंय ना, मग चालेल’ म्हणत सगळ्या काळांची सरमिसळ केली, की क्विल्ट (तुकडे जोडून, मध्ये भरण घालून शिवलेली गोधडी) कुठल्याच काळाची दिसत नाही. म्हणून कापायला घेण्याआधी काळ पक्का करा.

आधी काळ, मग कापड

१९३०च्या दशकातली अमेरिकी क्विल्ट हवी असेल तर पांढऱ्याच्या जोडीला फिके गुलाबी, पिस्ता, आकाशी, लिंबू रंग घ्या. पीठ आणि पशुखाद्य ज्या छापील पोत्यांतून येई, त्यांचं कापड तेव्हा सर्रास वापरलं जाई. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या (१८६१–६५) आसपासचा काळ निवडलात तर रंगपेटीच बदलते: विटकरी, चॉकलेटी, निळीचा गडद निळा, क्रोम पिवळा, गुलाबीवर गुलाबी छापलेलं ‘डबल पिंक’ आणि पांढऱ्यावर बारीक नक्षीचं शर्टिंग.

सुरुवातीला हाच काळ घ्यावा, कारण त्यातले रंग एकमेकांशी भांडत नाहीत. त्यातले बरेचसे मंजिष्ठाच्या मुळांतून आलेले असत. तुरटी लावून छापलेल्या भागावर लाल चढे, लोहक्षारावर जांभळट ते काळा, दोन्हींच्या मिश्रणावर तपकिरी, आणि तेही एकाच रंगाच्या भांड्यात.

सगळीच कापडं मळकट तपकिरी मात्र घेऊ नका. आज जुन्या क्विल्ट फिक्या दिसतात ते बरेचदा रंग उडाल्यामुळे; नव्या असताना त्या चांगल्या भडक असत. दोन-चार तुकडे ठसठशीत पिवळे किंवा लाल हवेतच.

कापणं आणि जोडणं

नऊ चौकोनांचा नाइन पॅच ब्लॉक घेऊ; असे ब्लॉक, म्हणजे चौकोनी तुकडे, जोडूनच क्विल्ट बनते. आधी ओलं पांढरं फडकं लाल आणि निळ्या कापडावर घासून पाहा. रंग लागला तर ते कापड रंग सुटायचा थांबेपर्यंत वेगळं धुवा.

गडद आणि फिक्या कापडांच्या १६ जोड्या लावा. प्रत्येक जोडीतून अडीच इंच रुंद पट्ट्या कापायच्या. गडद कापडाच्या साडेदहा इंच लांबीच्या दोन आणि साडेपाच इंचाची एक. फिक्याची साडेदहाची एक आणि साडेपाचच्या दोन. लांब पट्ट्या गडद-फिकं-गडद अशा जोडा, आखूड पट्ट्या फिकं-गडद-फिकं. शिवण बरोबर पाव इंचाची ठेवा. इथे सुतभर चुकलं तरी पुढे ब्लॉक जुळत नाहीत.

शिवणी इस्त्रीने गडद कापडाकडे वळवा. दोन प्रकारच्या पट्ट्यांत त्या आपोआप उलट दिशांना जातात आणि कोपरे चपखल बसतात. आता या पट्ट्यांचे अडीच-अडीच इंचांचे आडवे काप करा. दोन गडद कडांच्या कापांमध्ये एक फिक्या कडांचा काप शिवला की साडेसहा इंचांचा ब्लॉक तयार. एका जोडीतून असे दोन निघतात, म्हणजे एकूण ३२.

एखाद्या ब्लॉकमध्ये कापड कमी पडलं तर रंगाने जवळचा दुसरा तुकडा खुशाल लावा. जुन्या क्विल्टमध्ये अशा तडजोडी जागोजागी सापडतात आणि त्यांनीच त्या जिवंत वाटतात. मशीनवर शिवलं म्हणून काही बिघडत नाही. १८६०च्या दशकात शिवणयंत्रं घराघरांत पोचू लागली होती.

साध्या कापडाचे साडेसहा इंचांचे ३१ चौकोन कापा. सव्वा मीटर पुरतं. ते ब्लॉकशी आलटून-पालटून ७ आडवे, ९ उभे मांडा आणि भोवती साडेतीन इंच रुंद पट्टीची किनार लावा. माप ४८ × ६० इंच होईल.

भरण, धावदोरा, गोट

भरणासाठी सुती बॅटिंग, म्हणजे कापसाचा पसरट थर, घ्या. पॉलिस्टरचं फुगीर भरण या कापडांना शोभत नाही. अस्तर, भरण आणि वरचा थर मोठ्या कच्च्या टाक्यांनी एकत्र धरून ठेवा आणि इंच-इंच अंतरावर तिरक्या जाळीचा धावदोरा घाला. आजच्या बॅटिंगला इतके दाट टाके लागत नाहीत, पण जुन्या भरणातला कापूस सरकू नये म्हणून ते घालावेच लागत, आणि नजर तीच ठेवण ओळखते.

गोटासाठी सव्वादोन इंचांच्या पट्ट्या दुमडून लावा. २१६ इंचांचा घेर आणि त्याहून थोडी जास्त लांबी धरा. मग क्विल्ट एकदा धुवा. बॅटिंग किंचित आटून पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या येतात.

शेवटी मागच्या बाजूला कापडाची चिठ्ठी शिवून तिच्यावर शिवणाऱ्याचं नाव, वर्ष आणि ‘जुन्या छपाईची नवी कापडं’ एवढं न पुसणाऱ्या शाईने लिहा. नाहीतर पन्नास वर्षांनी कुणीतरी ती १८६०ची म्हणून विकेल.