कार्यालयातील फोन आणि संगणक एकाच हेडसेटवर: ॲम्प्लिफायरची जोडणी व जुळवणी

हेडसेटसोबत येणारी ॲम्प्लिफायरची लहानशी पेटी आवाज मोठा करण्यासाठीच असते, असा बहुतेकांचा समज असतो. तिचे खरे काम मात्र जुळवून घेण्याचे आहे. टेबलावरच्या फोनमधील माइक व स्पीकरची जोडणी त्या फोनच्या रिसीव्हरपुरतीच बेतलेली असते. हेडसेटमधील माइकला चालण्यासाठी किती विद्युतदाब लागतो, रिसीव्हरच्या वायरमधील चार तारांपैकी कोणत्या दोन माइकच्या आणि कोणत्या दोन कानातल्या आवाजाच्या, हे प्रत्येक उत्पादकाने आपापल्या पद्धतीने ठरवलेले आहे. म्हणूनच एका फोनवर उत्तम चालणारा हेडसेट शेजारच्या टेबलावर अगदी मुका वाटू शकतो, आणि तरीही त्यात बिघाड काहीच नसतो.

जोडणीपूर्वी फोनची सॉकेट नीट पाहून घ्यावीत. रिसीव्हरची गुंडाळीदार वायर ज्या अरुंद, चार तारांच्या सॉकेटमध्ये जाते, तेच आपल्या कामाचे असते. भिंतीकडून येणाऱ्या लाइनचे सॉकेट त्याहून रुंद असते आणि साध्या लाइनवर फोन वापरात नसतानाही सुमारे 48 व्होल्ट दाब असतो, घंटी वाजताना तो आणखी वाढतो; तेथे ॲम्प्लिफायरची पिन चुकूनही लावू नये. रिसीव्हरची वायर फोनपासून काढून ती ॲम्प्लिफायरवर रिसीव्हरचे चित्र असलेल्या सॉकेटमध्ये लावावी, ॲम्प्लिफायरची वायर फोनवरील मोकळ्या झालेल्या जागी लावावी आणि शेवटी हेडसेट जोडावा. हेडसेटच्या वायरमध्ये मध्येच सुटणारी जी जोडणी असते, ती सर्व उत्पादकांची सारखी नसते. प्लँट्रॉनिक्सची जोडणी जाब्राच्या हेडसेटला बसत नाही, त्यामुळे जोर लावून पाहण्यात अर्थ नाही. फोनवर हेडसेटसाठी स्वतंत्र सॉकेट असेल, तर आधी त्या फोनसाठी योग्य असलेली साधी जोडणी-केबल वापरून पाहावी. अनेकदा ॲम्प्लिफायरची गरजच उरत नाही.

रिसीव्हरच्या सॉकेटवर जोडलेला ॲम्प्लिफायर स्वतःहून फोन उचलत नाही, ही गोष्ट नव्या वापरकर्त्याला हमखास चकवते. कॉल घेताना रिसीव्हर जागेवरून उचलून बाजूला ठेवावा लागतो आणि कॉल संपल्यावर तो परत जागेवर ठेवावा लागतो, अन्यथा लाइन व्यस्तच राहते. रिसीव्हर उचलणारे वेगळे यांत्रिक साधनही मिळते. दिवसाला मोजकेच कॉल येत असतील तर त्याशिवाय सहज भागते.

पेटीच्या तळाशी किंवा बाजूला आकड्यांचा अथवा अक्षरांचा एक सरकता स्विच असतो. तारांचा क्रम आणि माइकचा प्रकार फोनशी जुळवण्याचे काम हाच स्विच करतो, आणि बहुतांश तक्रारी त्याच्या चुकीच्या स्थितीतून उद्भवतात. आवाजाचे नॉब अगदी कमीवर ठेवून रिसीव्हर उचलावा, पेटीवरील बटण हेडसेटकडे करावे आणि डायल टोन ऐकू येईल असा आवाज हळूहळू वाढवत स्विचची एकेक स्थिती तपासावी. टोन स्वच्छ ऐकू आला की काम झाले, असे मानून बरेच जण येथेच थांबतात. परंतु तेवढ्याने फक्त ऐकण्याची बाजू सिद्ध होते. टोन दोन-तीन स्थितींमध्ये सारखाच चांगला येऊ शकतो, तर माइक त्यांपैकी एखाद्याच स्थितीत नीट चालतो. त्यासाठी एखाद्या सहकाऱ्याला फोन लावून, नेहमीच्या स्वरात बोलत बोलत त्या स्थिती बदलाव्यात आणि कोणत्या स्थितीत आवाज स्पष्ट पोहोचतो ते त्यालाच विचारावे. बोलताना स्वतःचा आवाज हेडसेटमध्ये किंचित ऐकू येणे ही माइक सुरू असल्याची खूण आहे, पण समोरच्याचे म्हणणे अधिक विश्वासार्ह.

त्याच कॉलवर माइकची पातळीही ठरवून घ्यावी. येथे रिसीव्हर हाच मापदंड मानावा: पेटीवरील बटणाने एकदा रिसीव्हरवरून आणि एकदा हेडसेटवरून तेच वाक्य बोलावे आणि दोन्ही आवाज सहकाऱ्याला सारखे वाटेपर्यंत माइकचा नॉब थोडाथोडा फिरवावा. पातळी गरजेपेक्षा वाढवली, तर आपले बोलणे फाटके येते आणि खोलीतील गलबला व स्वतःच्याच आवाजाचा प्रतिध्वनी समोरच्याच्या कानी पडतो. नॉबला हात घालण्याआधी माइकची जागा मात्र अवश्य पाहावी. तो ओठांच्या कोपऱ्यापासून सुमारे दोन बोटे अंतरावर, श्वासाच्या थेट झोतात येणार नाही असा असावा. गळ्याशी लोंबणाऱ्या माइकची भरपाई कोणताही नॉब करू शकत नाही.

फोनची बाजू जुळल्यानंतरच संगणकाकडे वळावे. फोन आणि संगणक असा बदल करणारे बटण असलेला ॲम्प्लिफायर संगणकाला एकतर यूएसबीने जोडला जातो किंवा 3.5 मिलिमीटरच्या दोन पिनांनी. दोन पिना असतील तर गुलाबी माइकची आणि हिरवी ऐकण्याची. ज्या लॅपटॉपला दोन्हींसाठी एकच सॉकेट असते, त्याला दोन पिना एकत्र करणारा जोड लागतो. यूएसबीवर जोडलेली पेटी संगणकाला स्वतंत्र ध्वनी-उपकरण म्हणून दिसते. तिची निवड विंडोजच्या ध्वनी-सेटिंगमध्ये करावी आणि बैठकीच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा वेगळी करावी, कारण ते आपली जुनी निवड धरून बसलेले असू शकते.

यापुढील नियम एकच, पण तो पाळला नाही तर सारी मेहनत वाया जाते: संगणकावरचा आवाज कमी-जास्त वाटला तर तो संगणकातच सुधारावा, पेटीवरचे नॉब हलवू नयेत. ते फोनसाठी बसवलेले आहेत. बैठकीसाठी माइक वाढवला की पुढच्याच फोनवर समोरचा माणूस कान दूर धरतो. सॉफ्टवेअरमध्ये माइकची पातळी आपोआप बदलणारी सोय असेल तर जुळवणी करताना ती बंद ठेवावी, नाहीतर आपण एकीकडे ओढतो आणि ती दुसरीकडे. कॉल सुरू होताच संगणकावरील इतर आवाज दबत असतील, तर तो ॲम्प्लिफायरचा दोष नव्हे; विंडोजच्या जुन्या ध्वनी-पटलात, संवादाच्या विभागात, इतर आवाज 80 टक्क्यांनी कमी करण्याचा पर्याय मुळातच निवडलेला असू शकतो आणि तो तेथेच बदलता येतो.

फोनवरचा आवाज संगणकापेक्षा बंदिस्त वाटतो, याचेही कारण वेगळे आहे. साध्या टेलिफोन लाइनवरून साधारण 300 ते 3,400 हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, तर संगणकावरील संभाषणात तो 7,000 हर्ट्झ किंवा त्याहून पुढे जातो. आवाज वाढवून हा फरक भरून निघत नाही, कानाला त्रास मात्र होतो.

म्यूटची बटणे एव्हाना तीन झालेली असतात: पेटीवर, फोनवर आणि सॉफ्टवेअरमध्ये. कोणते वापरायचे ते एकदाच ठरवावे. माझ्या मते पेटीवरचे बरे, कारण फोन असो वा बैठक, बोट एकाच जागी जाते. मात्र ते दाबल्यावरही बैठकीच्या पडद्यावर माइक चालूच दिसू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

संगणक जोडताच अखंड घुमणारा आवाज येऊ लागला, तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. घुमणे थांबले तर दोन वीज-जोडण्यांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह हे त्याचे कारण असण्याची शक्यता मोठी. पिनांऐवजी यूएसबी वापरल्याने किंवा दोन्ही उपकरणे एकाच पट्टीवर लावल्याने पुष्कळदा फरक पडतो. मधूनमधून होणारी तुटक टरटर बहुधा पेटीजवळ ठेवलेल्या मोबाइलची असते. आवाज दिवसेंदिवस क्षीण होत गेला आणि पेटी बॅटरीवर चालणारी असेल, तर बाकी काही उघडण्याआधी सेल बदलावेत.

जुळलेल्या स्विचची स्थिती पेटीच्या खाली चिकटपट्टीवर फोनच्या मॉडेलसह लिहून ठेवावी आणि फोन बदलला की डायल टोनपासून पुन्हा सुरुवात करावी.