कोटिंग मारलं म्हणून ट्रॅकमधलं अंतर कमी करू नका

पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओल आणि धुळीपासून वाचवणारा पातळ थर, मारणारच आहे, मग २३० व्होल्टचे ट्रॅक (तांब्याच्या रेषा) जवळ घेतले तर काय बिघडतंय, असं बरेच जण धरून चालतात आणि तिथेच फसतात. सोल्डर मास्क, म्हणजे तो हिरवा थर, इन्सुलेशन म्हणून धरायचाच नाही. कोटिंगचा फायदा घेता येतो पण त्यासाठी आयईसी ६०६६४-३ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या टेस्ट पास कराव्या लागतात, नुसता स्प्रे मारून ते होत नाही. त्यामुळे डिझाईन करताना बोर्ड उघडाच आहे असं समजा.

साधा एफआर४ (फायबरग्लासचा) बोर्ड, पोल्यूशन डिग्री २ (म्हणजे घरा-ऑफिसातली साधी धूळ, कधीतरी दमटपणा), २५० व्होल्टपर्यंत, तर बेसिक (एकेरी) इन्सुलेशनला क्रीपेज २.५ मिमी आणि मेन्स (२३० व्होल्टची लाईन) ते लो व्होल्टेज बाजू, जिथे माणसाचा हात लागू शकतो, तिथे रीइन्फोर्स्ड (दुहेरी सुरक्षेचं) म्हणून दुप्पट, ५ मिमी. क्रीपेज म्हणजे पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर, हवेतून सरळ मोजतो ते क्लिअरन्स, दोन्ही वेगळे तपासायचे. ऑप्टोकपलरखाली (प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणाऱ्या भागाखाली) जागा कमी पडली तर पृष्ठभागावरचा रस्ता लांबवायला बोर्डात किमान १ मिमी रुंद स्लॉट कापून घ्या, आणि तो कोटिंगने बुजलाय का ते नक्की बघा.

आणि कोटिंग आधी सोल्डरिंगचा फ्लक्स आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) नीट धुवून बोर्ड पूर्ण वाळवा हो, नाहीतर आत अडकलेली घाण आणि ओल पावसाळ्यात ट्रॅक खाते. कनेक्टर आणि उघड्या रिलेवर मास्किंग टेप लावा. कोटिंगमध्ये यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) असेल तर अंधारात यूव्ही टॉर्च मारा, सुटलेली जागा लगेच दिसते, विशेषतः पिनांच्या टोकांवर.