बोर्डापुढे जाताना फाईल कशी लावायची

आमचे मालक सुतार. २०२२ च्या नवरात्रात, सातव्या माळेला, त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. सहा महिन्यांनी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी बोर्डापुढे गेलो तेव्हा माझ्या पिशवीत दोनच वस्तू होत्या, डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयची ती भलीमोठी फिल्म.

डॉक्टर म्हणाले, "हात वर करा." ह्यांनी ओठ चावत हात खांद्यापर्यंत नेला आणि वर सांगितलं, "होतंय की साहेब, हळूहळू." तीस वर्षं रंधा मारलेला माणूस, परक्यासमोर 'होत नाही' म्हणायची सवयच नाही. मी शेजारी उभी होते आणि मीही गप्प राहिले. निकाल आला ३५ टक्के. चाळीसच्या आत म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र (यूडीआयडी कार्ड) पांढरं, आणि संजय गांधी निराधारचा अर्ज तहसीलमधून माघारी.

कायद्यात (दिव्यांग हक्क कायदा, २०१६) ५९ वं कलम अपिलाचं आहे. आम्ही अपील केलं, या खेपेला कागद गोळा करून गेलो, आणि ५४ टक्के मिळाले. पण 'तात्पुरतं', दोन वर्षांचं. ती मुदत संपत आली तेव्हा परत सगळं करावं लागलं. मी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते, दवाखान्यातली नाही. तरी आता गल्लीतले लोक फाईल घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून एकदाच लिहून काढते.

आधी प्रमाणपत्र उघडून बघा. कायमचं आहे की तात्पुरतं, आणि मुदत कधी संपते. तात्पुरतं असेल तर मुदतीच्या चार महिने आधी कामाला लागा. यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, आणि २०२४ च्या सुधारित नियमांत दवाखान्याला तीन महिन्यांपर्यंत वेळ दिलेला आहे. तुम्ही मुदत संपल्यावर जागे झालात तर मधले महिने कोरडे जातात. निराधारचे पैसे दिव्यांगांना आता महिना अडीच हजार झालेत, ते असे बुडवणं परवडत नाही.

मग फाईल. लोक जुने कागद जपून ठेवतात, नवे काढतच नाहीत. झटक्याच्या वेळचं सगळं असतं, नंतरचं काही नाही, कारण पैसे संपले की दवाखाना सुटतो आणि गोळ्या मेडिकलवरून तोंडी मागून घेतल्या जातात. बोर्डाला मात्र बघायचं असतं ते आज काय आहे. दीड वर्षात एक कागद नाही म्हटल्यावर समोरच्याला वाटणारच, माणूस बरा झाला असेल. यावर उपाय सोपा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत केस पेपरलाही पैसे लागत नाहीत. दर दोन महिन्यांनी ग्रामीण रुग्णालयात जाऊन केस पेपर काढा. बीपी दाखवा, गोळ्या लिहून घ्या, आणि डॉक्टरांना एवढंच म्हणा, "हातापायाची ताकद किती आहे ते यावर लिहाल का?" ते ० ते ५ च्या मापात लिहितात. ५ म्हणजे पुरती ताकद, ३ म्हणजे अवयव स्वतःच्या वजनापुरता उचलतो पण जरा दाब दिला की पडतो. असे पाच-सहा केस पेपर तारखेनं लावले की कुणाला काही सांगावं लागत नाही.

डिस्चार्ज कार्डाचा एक घोळ सांगते. त्यावर शेवटी 'कंडिशन स्टेबल' किंवा 'इम्प्रूव्ह्ड' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ जिवाचा धोका टळला एवढाच. घाईत वाचणाऱ्याला तो 'बरा झाला' असा लागू शकतो. म्हणून डिस्चार्ज कार्ड फाईलच्या वर ठेवू नका. दवाखान्याच्या कागदांत सगळ्यात वर ठेवायचं ते ज्यांचं औषध चालू आहे त्या डॉक्टरांचं ताजं पत्र.

हे पत्र 'सदर रुग्ण माझ्या उपचाराखाली आहे' एवढ्या एका ओळीचं नको. डॉक्टरांना वेळ नसतो, त्यामुळे मी वहीच्या पानावर मुद्दे लिहून नेले होते: आजाराचं नाव आणि कधी झाला, आतापर्यंत काय उपचार झाले, आज कोणता हात-पाय किती चालतो, रोजची कुठली कामं स्वतःहून होत नाहीत, आणि यापुढे किती सुधारणा होईल असं त्यांना वाटतं. शेवटचा मुद्दा विसरू नका, कायम की तात्पुरतं हे त्यावर बरंच ठरतं. आमच्या डॉक्टरांनी कागद वाचला, हसले आणि म्हणाले, "तुम्हीच लिहून आणलंय की." पण लिहिलं स्वतः तपासून. तसंच पाहिजे. तुम्ही टक्का लिहून द्या म्हणू नका, तो बोर्डाचा अधिकार आहे.

सगळ्यात कामाला आला तो फिजिओथेरपीच्या ताईंचा रिपोर्ट. त्यांच्याकडे प्लास्टिकचं कोन मोजायचं माप होतं, दोन पट्ट्या आणि मधे चकती. ह्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, "हा तर आमच्या गुण्याचा भाऊ." गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन बघायचं माप. ताईंनी खांद्याला माप लावलं. निरोगी हात १८० अंशांपर्यंत जातो. ह्यांचा स्वतःच्या जोरावर ८५ पर्यंत गेला, ताईंनी धरून नेला तर १३०. मग त्यांनी हात दहा वेळा उचलायला लावला. चौथ्या खेपेला ६० झाला, सातव्याला ४०, नवव्याला नुसता खांदा उचकला आणि बोटं आपोआप मिटून घट्ट झाली. मला तेव्हा पहिल्या बोर्डाची चूक दिसली. तिथं ह्यांनी एकदाच हात उचलला होता, आणि एकदा उचललेल्या हातानं ना जेवण होतं ना फळी तासून होते. ताईंनी हे आकडे तारीख, सही-शिक्क्यासह लिहून दिले. तुम्हीही असंच मागा: स्वतः किती, धरून किती, आणि पुन्हा पुन्हा केल्यावर किती. चालण्याचंही तसंच, स्प्लिंट (पायाला आधार देणारी पट्टी) घालून आणि काढून.

बोलण्यात दोष असेल तर त्याची वेगळी तपासणी करून घ्या. आम्ही पहिल्यांदा ते सांगितलंच नव्हतं, हात-पाय एवढंच धरलं. दोन दोष असले तरी सरळ बेरीज होत नाही, त्याला एक सूत्र आहे. मोठा टक्का ४० आणि लहान ३० असेल तर ७० न होता सुमारे ५७ होतात. कमी वाटलं म्हणून भांडू नका, हिशेबच तसा आहे. पण दुसऱ्या दोषाचा कागद नसेल तर ते १७ सुद्धा हातचे जातात.

आता घरातला पुरावा. ह्यांचं पडणं मी कालनिर्णयवर लाल पेनानं लिहीत होते. तसं काही ठरवून केलं नव्हतं, दुधाच्या खुणा करते तशी खूण केली एवढंच. 'मोरीत पडले, कोपर फुटलं.' 'पायरी चुकली.' 'रात्री घास अडकला.' दोन वर्षांची कॅलेंडरं उघडली तर एकोणीस खुणा निघाल्या. त्या एका कागदावर तारखेनं उतरवल्या आणि जिथं टाके पडले तिथला केस पेपर जोडला. बोर्डाला घरच्या वहीपेक्षा दवाखान्याचा कागद जड, हे खरं. पण त्यांनी "पडता का?" विचारलं तर 'अधूनमधून' म्हणण्यापेक्षा 'मार्चपासून चार वेळा' हे उत्तर बरं.

फाईल अशी लावते: वर जुनं प्रमाणपत्र आणि आधार, मग डॉक्टरांचं ताजं पत्र, फिजिओचा रिपोर्ट, केस पेपर नव्यापासून जुन्याकडे, सध्याच्या गोळ्यांची चिठ्ठी, एमआरआयचा रिपोर्ट (फिल्म वेगळी, मागितली तरच), आणि तळाशी डिस्चार्ज कार्ड. अस्सल एका फाईलीत, झेरॉक्सचे दोन संच दुसऱ्या. मेडिकलची पातळ चकचकीत पावती वर्षभरात कोरी होते, आजच झेरॉक्स काढा. लॅमिनेशन करू नका, शिक्का उमटत नाही. आणि सगळ्या कागदांवर नाव आधारप्रमाणेच आहे का बघा. आमच्या एका रिपोर्टवर वडिलांचं नाव गाळलं होतं, त्या एका शब्दापायी एसटीची एक अख्खी फेरी झाली.

तपासणीच्या दिवशी नेहमीच्या गोळ्या चुकवू नका. 'आज घेऊ नका, जास्त आजारी दिसाल' असं सांगणारे भेटतात. बीपीची गोळी चुकवून दुसरा झटका ओढवून घ्यायचा का? दारात एजंटही भेटतील, टक्के वाढवून देतो म्हणतील. खोटेपणानं लाभ घेतला तर दिव्यांग हक्क कायद्याच्याच ९१ व्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, नाहीतर दोन्ही. खरं तेवढं पुरतं, फक्त ते पूर्ण सांगायचं. ह्यांना मी आदल्या रात्री बजावलं, "उद्या सुतार म्हणून नाही जायचं. हात कुठं थांबतो ते दाखवायचं, कसा ओढून नेता ते नाही." रागावले. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "शर्टाची बटणं?" तर म्हणाले, "बायको लावते." एवढं बोलायला त्यांना किती पडलं ते मला दिसलं, मी खाली बघितलं.

सोबत जाणाऱ्यानं आत जायची परवानगी मागावी, विशेषतः बोलणं स्पष्ट नसेल तर. उत्तर मात्र आधी पेशंटला देऊ द्या, राहिलं तेवढंच जोडा. डबा, पाणी आणि बसायला काहीतरी न्या, नंबर दुपारनंतर लागतो.

आमचं आता कायमचं झालं, ५७ टक्के. तुमचं हातात पडलं की त्याच दिवशी नाव, टक्का, मुदत आणि दोषाचा प्रकार वाचून घ्या, चूक असेल तर तिथंच सांगा. मग झेरॉक्स तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्यायची आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची, तारखेसकट. शाखेतल्या बाई आज नाहीत म्हणाले, तर उद्या परत जायचं, पण पोच घेतल्याशिवाय कागद टेबलावर ठेवून यायचं नाही.